विचारीत जाणारा कीर्तनकार : संत गाडगेबाबा

आपल्या समाजातील अनेक वसतिगृहांत, विहारांत आणि वाचनालयांत तथागत बुद्ध, महात्मा फुले आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांच्या ओळीत एक प्रतिमा अशी असते, की तिच्याविषयी नवागत विद्यार्थी हमखास विचारतो. अंगावर चिंध्या, डोक्यावर खापर, हातात काठी किंवा खराटा आणि चेहऱ्यावर दाढीतूनही दिसणारे एक मिश्किल हसू. हे गाडगेबाबा. ते बौद्ध नव्हते, ते कधी शाळेत गेले नाहीत, ग्रंथ त्यांनी एकही लिहिला नाही. मग ते या ओळीत कसे, हा प्रश्न रास्त आहे आणि पाहुणे मंडळींना तो ऐकून संकोच वाटण्याचे कारण नाही. अलीकडे त्याचे उत्तर एका शब्दात देऊन मोकळे होण्याची रीत पडली आहे. स्वच्छता, एवढे म्हटले की झाले. शासनाने त्यांच्या नावे ग्रामस्वच्छतेचे अभियान चालविले, ते चांगलेच झाले. परंतु त्यामुळे बाबांच्या हातातील खराटा तेवढा लोकांच्या लक्षात राहिला आणि त्यांचे बोलणे मागे पडले. आम्हास या लेखात त्यांच्या बोलण्याविषयीच लिहावयाचे आहे. समोरच्या माणसाला न दुखावता, आणि तरीही मूळ विषय तसूभरही न सोडता, हजारो निरक्षर माणसांशी एकाच वेळी संवाद कसा करावा, हे विसाव्या शतकातील महाराष्ट्राला ज्याने दाखविले, त्या माणसाचे हे चरित्र आहे.

त्यांचे मूळ नाव डेबू. वडील झिंगराजी जानोरकर, आई सखुबाई. जात परटाची. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे झाला. झिंगराजी दारूच्या आहारी गेले, त्यात घर खचले आणि डेबू सात-आठ वर्षांचा असतानाच ते वारले. मरतेवेळी त्यांना पश्चात्ताप झाला होता आणि मुलाला दारूपासून व देवापुढच्या कंदुरीपासून दूर ठेव, असे त्यांनी सखुबाईस बजावले होते, असे चरित्रकार सांगतात. विधवा आई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरगावी आली. मामाच्या घरी डेबू गुरे राखू लागला, मोठा झाल्यावर शेतात खपू लागला. अक्षरओळख झालीच नाही. भजनाची मात्र गोडी लागली आणि रात्री गावातल्या भजनी मंडळात बसता बसता संतांचे अभंग कानावाटे पाठ झाले. ज्याला पुस्तक वाचता येत नाही त्याला माणूस वाचावा लागतो. डेबूने तो पुढे आयुष्यभर वाचला.

दापुऱ्यातच त्याला आयुष्यातील पहिला मोठा धडा मिळाला, आणि तो एका फसव्या बोलण्याचा धडा होता. मामा चंद्रभानजी यांनी सावकाराकडून कर्ज घेतले. कर्ज फिटत राहिले असे घरच्यांना वाटत होते. कागदावर मात्र ते वाढत होते. सावकार गोड बोलत होता, मामा विश्वासाने मान डोलावीत होते, अंगठा उठत होता. अखेर राबून कसलेली जमीन सावकाराच्या घशात गेली आणि त्या धक्क्याने मामा खचून मरण पावले. सावकाराची माणसे शेतात नांगर घालण्यास आली तेव्हा तरुण डेबू त्यांना एकटा आडवा गेला. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हास या प्रसंगात त्या काळचा सारा वऱ्हाड दिसतो. कापसाचा पैसा, त्यामागून आलेले कर्ज आणि कोर्टकचेरी यांच्या चरकात सापडलेला निरक्षर कुणबी, माळी, परीट, महार. परंतु डेबूच्या मनावर जे कोरले गेले ते याहून साधे होते. दोन माणसे बोलतात, त्यांतील एकाला सारे कळते आणि दुसरा नुसता होय म्हणतो, तेव्हा ते बोलणे नव्हे, ती लूट असते. पुढे त्यांच्या कीर्तनात श्रोत्याच्या नुसत्या होकारावर ते कधीच का थांबत नसत, त्याचे मूळ आम्ही येथे शोधतो.

१८९२ साली डेबूचे कुंताबाईंशी लग्न झाले. पहिल्या मुलीचे बारसे आले तेव्हा जातीच्या रिवाजाप्रमाणे मटणाची आणि दारूची पंगत द्यावयास हवी होती. त्याने गोडाचे जेवण घातले. भाऊबंद संतापले, जातीबाहेर टाकण्याची भाषा झाली. आपल्याच माणसांच्या मताविरुद्ध जाणे हे परक्याशी भांडण्याहून अवघड असते, हे आपल्या समाजात निराळे सांगावयास नको. मेलेली जनावरे ओढणे आणि त्यांचे मांस खाणे सोडण्याचा निर्णय ज्या घरांनी प्रथम घेतला, त्या घरांच्या आठवणी आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-आजींनी सांगितल्या आहेत. डेबू भांडला नाही आणि वाकलाही नाही. पंगत गोडाचीच झाली.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, एकोणतिसाव्या वर्षी, तो घर सोडून निघाला. अंगावर फाटके वस्त्र, हातात एक काठी आणि एक मातीचे गाडगे. त्याच गाडग्यात भिक्षा घ्यावयाची, त्यातच जेवावयाचे, आणि उन्हात तेच डोक्यावर घालावयाचे. लोक गाडगेबुवा म्हणू लागले. तेच नाव टिकले.

येथे थोडे थांबून एक गोष्ट मोकळेपणाने लिहिणे आम्हास आवश्यक वाटते. म्हातारी आई, पत्नी आणि लेकरे यांना न सांगता, न विचारता ते निघून गेले. पुढे ज्याने गावोगावच्या माणसांना हजारो प्रश्न विचारले, त्याने त्या पहाटे कुंताबाईंना एकही प्रश्न विचारला नाही. बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची प्रचलित कथा नाकारली, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. मध्यरात्री झोपलेल्या पत्नीला आणि बाळाला सोडून जाणारा सिद्धार्थ त्यांना मान्य झाला नाही. रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा, संघातील मतदान आणि त्यानंतर आईवडिलांशी व यशोधरेशी झालेले समोरासमोरचे बोलणे, असा क्रम त्यांनी मांडला. त्या बोलण्यात यशोधरा नुसती रडत बसत नाही; विचार करून संमती देते. कुंताबाईंच्या वाट्याला असे बोलणे आले नाही, पुढचे कष्ट मात्र आले. बाबांवरील आमच्या आदरात यामुळे उणेपणा येत नाही. पण चरित्र लिहावयाचे तर कुंताबाईंच्या बाजूची ही ओळ गाळून लिहिणे आम्हास प्रशस्त वाटत नाही.

पुढची सुमारे बारा वर्षे अखंड भ्रमंतीत गेली. या काळात त्यांची एक रीत बनत गेली. सकाळी गावात यावयाचे ते कोणाला न कळत. कोणी ओळख विचारली तर सांगावयाची नाही. हातात खराटा घ्यावयाचा आणि गल्ल्या, चावडी, विहिरीभोवतालचा चिखल, देवळापुढील उकिरडा साफ करावयास लागावयाचे. लोकांना वाटे, कोणी वेडा आला आहे. पोरे खडे मारीत. दुपारी चार घरची भाकरी मागून, झाडाखाली बसून खाऊन, पुन्हा खराटा. आणि संध्याकाळी कीर्तनाची जागा भरली की गावाला कळे, दिवसभर आपली घाण काढणारा वेडा तोच आज आपल्यापुढे उभा आहे. या झाडण्याकडे आपण केवळ स्वच्छतेचा पाठ म्हणून पाहतो. आम्हास त्यात आणखीही काही दिसते. दिवसभर खाली मान घालून झाडणाऱ्या माणसापुढे गाव मोकळेपणाने वागते. पाणवठ्यावर कोणाला दूर उभे केले जाते, दारूच्या गुत्त्याकडे किती पावले वळतात, सावकाराच्या ओट्यावर कोण हात जोडून बसले आहे, शाळेच्या वेळी कोणाची पोरे गुरांमागे आहेत, हे सारे त्याला दिसते आणि ऐकू येते. संध्याकाळच्या संवादाची पूर्वतयारी सकाळीच झालेली असे. बोलण्याआधी ऐकावे, हा नियम ते कोणास सांगत नसत. तो खराट्याच्या टोकाला बांधलेला होता.

आता त्यांच्या कीर्तनाविषयी. कीर्तनाची जी रूढ घडण आहे तीत बुवा उभा राहतो, अभंग निवडतो, पूर्वरंगात त्याचे निरूपण करतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. साथीला टाळ-मृदंग असतो, श्रोते ऐकतात, मधूनमधून नामाचा गजर करतात. बोलणारा एक आणि ऐकणारे बाकी सर्व. गाडगेबाबांनी ही घडण आतून बदलली. नाव कीर्तनाचेच ठेवले, तुकोबांचे आणि कबीराचे आधार ठेवले, नामाचा गजरही ठेवला. पण निरूपणाच्या जागी प्रश्नोत्तरे आणली. ते विचारीत, समुदाय उत्तर देई. भाषा शुद्ध वऱ्हाडी, घरात चुलीपुढे बोलतात ती. संबोधन बाप, माय, दादा असे. दहा-पंधरा हजारांचा जमाव असला तरी प्रत्येकाला वाटे की म्हातारा मलाच विचारीत आहे.

त्यांच्या प्रश्नांची मांडणी पाहण्यासारखी आहे. पहिला प्रश्न अगदी सोपा असे, पोरालाही उत्तर देता येईल असा. लोक हसत हसत उत्तर देत. दुसरा त्याला लागून. तिसरा त्याच्या पुढे एक पाऊल. अशा सात-आठ पायऱ्या लोक आपल्याच तोंडाने चढून जात आणि शेवटच्या पायरीवर पोहोचल्यावर त्यांच्या लक्षात येई की, इतके दिवस आपण जे करीत आलो त्याच्या विरुद्ध साक्ष आपणच दिली आहे. उदाहरणार्थ देवळातल्या देवाविषयी ते विचारीत की, त्याला आंघोळ कोण घालते, कपडे कोण नेसविते, नैवेद्यावर कुत्रे आले तर ते कोण हाकलते, रात्री देवळात उजेड नसेल तर दिवा कोण लावते. प्रत्येक प्रश्नाला माणूस, माणूस, असे उत्तर गर्जत येई. मग थोडा वेळ थांबून ते विचारीत की, ज्याला आपले एवढेही करता येत नाही तो तुमचे काय करणार. त्यावर जो हशा उठे त्यात आधी देवाला हात जोडून आलेलेच लोक असत. सत्यनारायणाच्या पोथीत बुडालेली नौका पूजेने वर येते. तर मग महायुद्धात समुद्रात बुडालेली जहाजे वर काढण्यास किनाऱ्यावर पूजा का मांडू नये, असे ते विचारीत. जातींविषयी विचारीत आणि शेवटी लोकांकडूनच वदवून घेत की बाई आणि पुरुष या दोनच जाती डोळ्यांना दिसतात, बाकीच्या दिसत नाहीत, सांगाव्या लागतात. सणासाठी आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जाचा हिशेब ते भर कीर्तनात मांडीत. जेवणाचे ताट विकावे, भाकरी हातावर घेऊन खावी, बायकोला कमी किमतीचे लुगडे आणावे, पण पोराला शाळेत घातल्याविना राहू नये, हे तर ते प्रत्येक गावी सांगत.

येथे विषय आणि माणूस यांचा जो तोल त्यांनी सांभाळला तो शिक्षकाच्या पेशातील आम्हा लोकांना विशेष विचार करावयास लावतो. विषयाची कळकळ असलेला वक्ता बहुधा माणसाला विसरतो. व्यासपीठावरून अंधश्रद्धेवर तुटून पडतो आणि समोर बसलेल्या बाईच्या गळ्यातील गंड्याकडे पाहून तिला सर्वांसमक्ष लाजवितो. ती बाई पुन्हा सभेस येत नाही. उलट माणसांना सांभाळून घेणारा वक्ता विषय सोडतो. चार विनोद करतो, सर्वांना बरे वाटते आणि गाव होते तिथेच राहते. जयंतीच्या मांडवात आपण दोन्ही प्रकार दरवर्षी पाहतो. गाडगेबाबांचे बोल सौम्य होते असा गैरसमज नको. ते फार टोचून बोलत. पण ते ज्याला टोचत ती समजूत असे. ती समजूत बाळगणारा माणूस त्यांच्या बाजूला उभा राहून तिच्यावर हसत असे. आणखी एक गोष्ट. कोणी पाया पडावयास वाकला तर ते मागे सरत, रागावत, प्रसंगी हातातली काठी उगारत. आपला कोणी शिष्य नाही आणि आपण कोणाचे गुरू नाही, अशी त्यांची ठाम भूमिका होती. वाकलेल्या माणसाशी संवाद होत नाही, त्याला फक्त आज्ञा देता येते किंवा आशीर्वाद; त्यांना यांतले काहीच द्यावयाचे नव्हते. कीर्तन संपताच ते बहुधा रात्रीच गाव सोडून पुढच्या वाटेला लागत, म्हणजे आभार आणि हारतुरे टळत.

पाली वाङ्मयाशी परिचय असलेल्या वाचकांना या रीतीवरून काही आठवले असेल. अंगुत्तर निकायात प्रश्नांची उत्तरे देण्याचे चार प्रकार सांगितले आहेत. काही प्रश्नांना सरळ उत्तर द्यावे, काहींना विभाग करून द्यावे, काहींना उलट प्रश्न विचारून द्यावे आणि काही बाजूला ठेवावेत. यांतील तिसरा, पटिपुच्छा नावाचा प्रकार तथागतांनी वारंवार वापरलेला दिसतो. केसपुत्त गावचे कालाम त्यांच्याकडे आले, अनेक श्रमण-ब्राह्मण येऊन आपलेच मत खरे म्हणतात, तर आम्ही कोणाचे मानावे, असे विचारू लागले. तेव्हा तथागतांनी आपले मत त्यांच्यावर लादले नाही. माणसात लोभ उपजतो तो त्याच्या हिताला की अहिताला, द्वेष उपजतो तो कशाला, मोह कशाला, असे एकेक विचारीत त्यांनी कालामांकडूनच उत्तरे घेतली. गाडगेबाबांनी अंगुत्तर निकाय ऐकलेला असण्याचा संभव नाही आणि त्यांना ओढूनताणून बौद्ध ठरविण्याचा उद्योग आम्ही करणार नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने तसे करूही नये. पण या भूमीत माणसाच्या विवेकावर विश्वास ठेवून बोलण्याची एक जुनी वाट होती, ती मधल्या शतकांत बुजली, आणि एका निरक्षर परटाला ती पुन्हा सापडली, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

आपल्यातील काही चिकित्सक बांधव विचारतात की, देवळातल्या देवाची अशी खिल्ली उडविणारा माणूस कीर्तनाच्या अखेरीस पुन्हा देवाच्या नामाचा गजर का करी. हा विरोध खराच आहे. त्यांनी वारकरी परंपरेचा अंगरखा अखेरपर्यंत उतरविला नाही. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यास जो निर्धार जाहीर केला, तो मार्ग निराळा होता. तो संपूर्ण तोडण्याचा आणि नव्याने बांधण्याचा मार्ग होता. गाडगेबाबा घरात राहून घर झाडणारे. आम्हास यांतला पहिला मार्ग आपल्यासाठी अपरिहार्य होता असे वाटते, आणि त्याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. परंतु ज्या बहुजन खेड्यापाड्यांत बाबासाहेबांचे नाव काढले तर त्या काळी माणसे उठून जात, तेथे अस्पृश्यतेविरुद्ध बोलून लोकांना जागेवर बसवून ठेवणारा माणूस हाच होता, हेही तितकेच खरे.

केवळ बोलून ते थांबले नाहीत. अमरावती जिल्ह्यातील ऋणमोचन येथे पूर्णा नदीच्या काठी यात्रा भरते. चिखलात घसरणाऱ्या यात्रेकरूंसाठी त्यांनी तेथे १९०८ च्या सुमारास घाट बांधविला. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ १९५४ साली धर्मशाळा झाली, ती परगावाहून रुग्णाला घेऊन येणाऱ्या गरिबांसाठी. अन्नछत्रे झाली, विद्यालये आणि वसतिगृहे झाली. या साऱ्यांत आमच्या वाचकांच्या जिव्हाळ्याची आहे ती पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा. तिचे काम १९१७ साली सुरू झाले. तोवर आषाढी-कार्तिकीला शेकडो कोस चालत येणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्याला पंढरपुरात डोके टेकावयास जागा नसे. ज्या चोखोबांची समाधी देवळाच्या पायरीशी, त्यांचे जातभाई पावसात चंद्रभागेच्या वाळवंटात रात्र काढीत. गाडगेबाबा पंढरीला नेमाने जात. देवळात दर्शनाला मात्र जात नसत, असे त्यांच्यासोबत राहिलेले लोक सांगत. ते वाळवंट झाडीत. वाळवंटात झोपलेल्यांची कुळे आणि गावे त्यांना त्यामुळेच ठाऊक होती. या सर्व वास्तूंचे विश्वस्त मंडळ नेमताना आपल्या नातलगांचा त्यांवर कोणताही हक्क राहणार नाही, अशी व्यवस्था त्यांनी केली. दगड-चुन्याच्या एवढ्या इमारती बांधणाऱ्याने स्वतःसाठी एक खोली राखली नाही.

बाबासाहेबांचा आणि त्यांचा स्नेह होता. या दोघांचे बोलणे कसे होत असेल, याची कल्पना करण्यात आम्हास नेहमी आनंद वाटतो. एकीकडे कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या, कायद्याचे आणि अर्थशास्त्राचे अफाट वाचन; दुसरीकडे अंगठाबहाद्दर. १९४९ साली गाडगेबाबा मुंबईत आजारी असताना, केंद्रात कायदेमंत्री असलेले बाबासाहेब दिल्लीला निघण्याच्या घाईतही त्यांना भेटावयास गेले, सोबत दोन घोंगड्या नेल्या, आणि कोणाचेही काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या, अशी आठवण सांगितली जाते. मंत्र्याने भिकाऱ्याच्या उशाशी येऊन बसावे याचा बाबांना फार संकोच वाटला आणि बाबासाहेबांनी आपले मंत्रिपद आज आहे, उद्या नाही, पण बाबांचा अधिकार कायमचा आहे, अशा अर्थाचे उत्तर दिले, असेही सांगतात. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वारकऱ्यांसाठी बांधलेली वास्तू विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला द्यावी, यातला अर्थ निवासी शाळेत वाढलेल्या माजी विद्यार्थ्यांना आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांप्रमाणेच कर्मवीर भाऊराव पाटलांशीही त्यांचा जिव्हाळा होता. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कराडला काढलेल्या महाविद्यालयास त्यांचेच नाव दिले. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांच्या हयातीतच त्यांचे चरित्र लिहिले. गो. नी. दांडेकर तरुणपणी त्यांच्या सहवासात राहिले होते.

१९२३ साली त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंद वारला. निरोप आला तेव्हा ते कोकणात खारेपाटणला कीर्तनात उभे होते. निरोप ऐकून त्यांनी कीर्तन थांबविले नाही. चरित्रांतून हा प्रसंग वैराग्याचा कळस म्हणून येतो. आम्ही तो वाचतो तेव्हा मन पुन्हा कुंताबाईंकडे जाते.

१९५६ साल उजाडले तेव्हा बाबा ऐंशीचे झाले होते, शरीर मोडकळीस आले होते, तरी फिरणे चालूच होते. १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला. त्यानंतर चार आठवडेही पूर्ण झाले नसताना, ८ नोव्हेंबर रोजी, मुंबईत वांद्रे येथे पोलिसांपुढे त्यांचे कीर्तन झाले. ध्वनिमुद्रण झाल्यामुळे ते आजही ऐकावयास मिळते. या कीर्तनात शिक्षणाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी दाखला दिला तो बाबासाहेबांचा. ज्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या शिक्षण नव्हते, त्या घरातल्या बापाला मुलास शिकविण्याची बुद्धी झाली आणि त्या मुलाने देशाची घटना केली, असे त्यांनी वऱ्हाडी बोलीत सांगितले. धर्मांतराने सवर्ण समाजात संताप आणि टिंगल यांना ऊत आला असतानाचे ते दिवस. समोर सरकारी नोकर बसलेले. कोणाची बाजू घेतो असे न सांगता त्यांनी बाजू घेतली.

६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असताना वलगावनजीक पेढी नदीच्या पुलाजवळ गाडगेबाबांनी वाटेतच प्राण सोडला. अमरावतीत त्यांची समाधी आहे. तेथील विद्यापीठाला आता त्यांचे नाव आहे.

वांद्र्याच्या त्या ध्वनिमुद्रणात बाबांचा आवाज थकलेला आहे, मध्येच खोल जातो. ते विचारतात आणि लगेच, त्यांच्या आवाजावर आवाज चढवून, शेकडो माणसे एकदम उत्तर देतात. तेव्हा क्षणभर बाबांचा आवाज त्यात बुडून जातो, आणि ते पुढचा प्रश्न विचारण्यासाठी लोकांचे बोलून होईपर्यंत थांबतात.